दुधाच्या वहीतले गद्य

‘माझे घर’ हा निबंधाचा विषय दिला की मुले काय लिहितात, हे मला आता न वाचताही सांगता येते. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. घरात प्रेम असते, संस्कार असतात. आई अन्नपूर्णा असते, बाबा कष्टाळू असतात, दिवाळीत घर उजळून निघते. एवढ्यावर पान भरते. त्या पानात कोणाच्या हातून कप फुटत नाही, दूध उतू जात नाही, कोणी कोणावर रुसत नाही. भोपाळमधल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी मी गेली काही वर्षे रविवारी मराठीचा वर्ग घेतो. हे त्या वर्गातल्या वह्यांविषयी झाले. मोठ्यांच्या लेखनाची स्थिती फार निराळी आहे असे नाही. स्मरणिकांसाठी येणाऱ्या लेखांत पन्नास वर्षांचे सहजीवन एका परिच्छेदात उरकते आणि त्यात ‘सुखदुःखात मोलाची साथ दिली’ यापलीकडे काहीच घडत नाही.

असे का होते, याचे उत्तर मी बरीच वर्षे एकच देत असे : घरातले लहानसहान प्रसंग लिहिण्याजोगे नसतात अशी आपली समजूत आहे. ते उत्तर खोटे नाही. पण त्यामागे दुसरे एक कारण आहे आणि ते भाषेचे आहे. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या कारणाविषयी आहे. त्यातला एक आरोपी मी स्वतः असल्यामुळे लेखात माझे घर येणार, त्याला इलाज नाही.

सुरुवात पुस्तकांपासून करू. दोघांच्या घरात भाषेचा पहिला प्रश्न हाकेचा असतो : एकमेकांना म्हणायचे काय? रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे 1901 च्या जानेवारीत निवर्तले होते. पुस्तक सगळे त्यांच्याविषयी, आणि नवऱ्याचे नाव तर घ्यायचे नाही ही रीत. रमाबाईंनी त्यांच्यासाठी ‘स्वतः’ हा शब्द वापरला. बोलण्यातला आदरार्थी ‘स्वतः’ त्यांनी तसाच कागदावर उतरवला आणि त्या एका शब्दाने वाचक न्यायमूर्तींच्या दिवाणखान्यातून उठून माजघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो. कॅथरीन गेट्स यांनी 1938 मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा त्याचे नावच ‘हिमसेल्फ’ ठेवले. मराठी बाईने टाळलेले नाव परभाषेत मुखपृष्ठावर गेले ते असे. पुढे कुसुमावती देशपांडे यांनीही या आठवणींचा इंग्रजी अनुवाद केला. ग्वाल्हेरला 1961 मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष त्या याच, आणि त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. आपल्या प्रदेशातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी नेमके उलट केले. ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिलेली नव्हती. त्यांचे चिरंजीव देवदत्त वडिलांच्या चरित्राची साधने जमवत होते, त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या, आणि चरित्राच्या साधनांतून हे पुस्तक उभे राहिले. या पुस्तकात नवरा आहे तो ‘टिळक’. नुसते आडनाव. हे आडनाव नवऱ्याला एक हात लांब ठेवते. त्या हातभर अंतरामुळे लक्ष्मीबाईंना त्यांच्यावर रागावता येते, हसता येते, त्यांच्या हाती पैसा टिकत नाही हे सांगता येते, आणि 1895 मध्ये त्यांनी धर्मांतर केल्यावर जी वर्षे वेगळी काढावी लागली त्यांविषयी रडगाणे न गाता बोलता येते. वर्गात मी एक प्रयोग करतो. ‘स्मृतिचित्रे’तले कोणतेही पान घ्यायचे आणि ‘टिळक’ असेल तेथे ‘माझे पूज्य पती’ असे वाचायचे. तिसऱ्या ओळीला मुले हसू लागतात. घटना तीच असते, पण घर मोडलेले असते.

तिसरे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेले. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये (1990) पु. ल. हे ‘भाई’ आहेत. अवघ्या महाराष्ट्राचा लाडका लेखक घरात कोणत्या नावाने वावरत होता, ते त्या दोन अक्षरांत आहे. तीन बायका, तीन हाका, आणि तिघींनी आपापल्या घरात जे म्हटले जात होते किंवा जे मनात म्हटले जात होते तेच लिहिले. पुस्तकासाठी वेगळा शब्द शिवून घेतला नाही.

भोपाळच्या मराठी घरांत हाकांचा जो मेळा आहे, तो अजून कोणी नीट नोंदवलेला नाही. माझ्या पिढीत घरात ‘अहो’ आणि ‘अगं’. चारचौघांत ‘ऐकलंत का’. शेजारच्या हिंदी भाषक बाईशी बोलताना नवऱ्याचा उल्लेख ‘ये’, मराठी बाईशी बोलताना ‘हे’. एका ‘ह’ आणि ‘य’चा फरक, आणि तो एका दमात, एका दारात उभे राहून केला जातो. भाजीवाल्यापुढे मात्र ‘आमच्या साहेबांना गिलकी आवडत नाही’. हा साहेब घरात कोणी नसतो, तो फक्त हातगाडीपाशी जन्म घेतो. नव्या जोडप्यांत दोघेही नावाने हाका मारतात, ते बरेच झाले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिले होते : ‘बाबा आईला यार म्हणतात. आई रागावत नाही. आजी रागावते.’ त्या रविवारी आलेल्या सगळ्या निबंधांत घर दिसले ते या तीन वाक्यांत.

आता लहान प्रसंगाकडे येऊ. रानडे 1886 मध्ये वित्त समितीवर होते आणि त्या कामासाठी कलकत्त्याला मुक्काम झाला. तेथे त्यांनी बंगाली शिकायला घेतली. पुस्तके आणली आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाही ते उच्चार विचारू लागले. आतून ऐकणाऱ्या रमाबाईंना हसू आले. पुढे रानड्यांनी त्यांनाही बंगाली शिकवली. प्रसंग एवढाच. रानड्यांची ज्ञानलालसा सांगण्यासाठी चरित्रकार मोठमोठी विशेषणे खर्चतात. येथे एक न्हावी आहे, त्याचा वस्तरा आहे, हालता न येणारा एक विद्वान विद्यार्थी आहे, आणि आत हसणारी बायको आहे. ती हसली नसती तर हा प्रसंग उरलाच नसता.

या प्रसंगाचे दुसरे वैशिष्ट्य आपल्याला जास्त जवळचे आहे. येथे भाषा हीच घटना आहे. आपल्या प्रांतात बसून मराठी घराचे चित्र काढताना भाषा पडद्यासारखी मागे ठेवता येते. घर परभाषेच्या गावी गेले की भाषा उठून खोलीत येते, चहाच्या कपाशी बसते आणि भांडण लावते.

आमच्या भोपाळात ती कशी आली, ते थोडक्यात सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. त्याआधीच्या मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरच्या सचिवालयातली किती तरी माणसे फायलींबरोबर भोपाळला आली. मध्य भारताचे राज्य विलीन झाले होते, त्यामुळे ग्वाल्हेर आणि इंदूरकडचीही आली. मग हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला, पिपलानी आणि बरखेड्याच्या वसाहती झाल्या आणि थेट महाराष्ट्रातून मंडळी आली. तात्या टोपे नगरच्या एकाच रांगेतल्या सरकारी क्वार्टरांत नागपूरची मराठी, लष्करची मराठी, इंदूरची मराठी भिंतीला भिंत लावून राहत होत्या. माझे वडील नागपूरहून आलेले कारकून. मी सहा वर्षांचा होतो. पत्नीचे माहेर ग्वाल्हेरच्या लष्करातले. म्हणजे आमच्या लग्नात दोन माणसांबरोबर दोन मराठ्यांचीही गाठ पडली. मराठी या शब्दाचे अनेकवचन व्याकरणात बसत नाही, पण घरात बसते.

मी शासकीय शाळेत हिंदी शिकवत असे. दिवसभर हिंदी, म्हणून घरी शुद्ध मराठी, असा माझा बाणा. माझी आई ‘मी आली’, ‘मी गेली’ म्हणत असे, ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणत असे. ते मला नागपुरी म्हणून गोड वाटायचे. पत्नीने ‘दही जमवलं’ म्हटले की मात्र कानाला ठेच लागायची. जमवतात ते पैसे, माणसे जमवतात, दूध विरजतात. ‘पोळी बेलली’ नाही, लाटली. ‘झाडू लावला’ नाही, केर काढला. ‘दूध फाटलं’ नाही, नासलं. ‘दुधवाल्याचा नागा’ नाही, खाडा. लग्नानंतरची कित्येक वर्षे मी ही दुरुस्ती करत आलो. आवाज न चढवता, हसत हसत, मास्तरी पद्धतीने. ती कधी वाद घालत नसे. एकदाच घातला होता. म्हणाली, “नासलं म्हणजे वाया गेलं ना? मग फाटलेल्या दुधाचं पनीर तुम्ही काल दोनदा वाढून घेतलंत, ते काय वाया गेलेलं खाल्लंत?” मी शब्दकोशाचा आधार दिला. आज वाटते की ‘फाटणे’ ही क्रिया दुधाकडे बघून केलेली आहे आणि ‘नासणे’ हा दुधावर दिलेला निकाल आहे. दोन्ही शब्द एका घरात ठेवायला जागा होती.

येथे शिक्षकांसाठी एक निरीक्षण नोंदवतो. परभाषेतली नामे घरात येतात तेव्हा फारसे काही हलत नाही. कुकर आला, गॅस आला, फ्रीज आला, मराठी जागेवर राहिली. क्रियापद आले की मात्र हालचाल होते, कारण स्वयंपाकघराचा सगळा संसार क्रियापदांवर चालतो. मळणे, तिंबणे, लाटणे, थापणे, परतणे, आटवणे, मुरवणे, विरजणे, घुसळणे, कालवणे, कुस्करणे, निथळणे, विसळणे, खंगाळणे. यांतली दोन क्रियापदे कोठेही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पोळी लाटतात, भाकरी थापतात. उलट बोलणारा माणूस स्वयंपाकघरात शिरलेला नाही हे लगेच कळते. म्हणून ‘जमवलं’ खटकते हे माझे म्हणणे चूक नव्हते. चूक दुसरीकडे होती, आणि ती कळायला मला एक जुनी वही सापडावी लागली.

त्याआधी आणखी एक गोष्ट. शब्द हिंदीमुळेच जातात असे मानणाऱ्यांनी ‘पाखडणे’ या शब्दाची गोष्ट ऐकावी. पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या घरी सूप नाही. पीठ पिशवीतून येते, डाळ स्वच्छ होऊन येते. त्यांच्या नातवंडांना ‘पाखडणे’ माहीत नाही. भोपाळला मात्र वर्षाचा गहू भरण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. जवळच सिहोर, तिथला शरबती गहू नावाजलेला. सुगी झाली की पोती येतात. मग अंगणात चादर, चाळण, सूप, ऊन, कडुलिंबाचा पाला, कोठी. आमच्या घरात पाखडणे, निवडणे, चाळणे, ऊन देणे, भरणे ही सगळी मराठी क्रियापदे दर एप्रिलमध्ये जिवंत असायची आणि ती ज्या तोंडी असायची ते तोंड ‘दही जमवलं’ म्हणणारेच होते. पुण्याची शुद्ध मराठी ज्या शब्दाला मुकली तो आमच्या अशुद्ध घरात सुपावर नाचत होता. मी मास्तर असूनही याची बेरीज कधी केली नाही.

तर ती वही. तीन वर्षांपूर्वी घर रंगवायला काढले तेव्हा माळ्यावरून एक गाठोडे खाली आले. लांबट, पुठ्ठ्याच्या वह्या, दुधाच्या हिशेबाच्या. डावीकडे तारीख, मग लीटर, आणि उजवीकडे जी मोकळी जागा राहते तीत पत्नीच्या बारीक अक्षरातल्या ओळी. वर्षानुवर्षांच्या. माझ्या घरात इतके लेखन चालले होते आणि मला पत्ता नव्हता. तिच्या परवानगीने त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा देतो :

9 – 2 ली. मांजर पिऊन गेली. यांना नाही सांगितलं.

22 – नागा. बहुत बारिश. काळा चहा. हे म्हणाले बरा लागतो. खोटं.

28 – 2 ली. दही जमाया.

11 – दीड. गहू पाखडला. हात भरून आले. रात्री यांनी स्वतः ताट वाढून घेतलं, मला पण.

15 – 2 ली. दही जमाया. आंबट.

पहिल्या वाचनात मला दिसला तो मांजराचा विनोद आणि काळ्या चहाचा टोमणा. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट लक्षात आली आणि मग मी एकामागून एक वह्या उलटत गेलो. गहू मराठीत होता. पाहुणे मराठीत होते. मुलांचे ताप मराठीत होते. रुसवे मराठीत होते. पाऊस कधी हिंदीत, कधी मराठीत. दही मात्र प्रत्येक ठिकाणी हिंदीत होते. ‘दही जमवलं’ कोठेही नाही, ‘दही विरजलं’ही कोठेही नाही. सगळीकडे ‘दही जमाया’. दूध ‘फट गया’, केर ‘झाडू हो गया’. ज्या ज्या शब्दाला मी हसत हसत बोट लावले होते, तो तो शब्द तिने मराठीतून उचलून हिंदीत नेऊन ठेवला होता. तेथे तिची चूक काढणारे कोणी नव्हते. गंमत म्हणजे हिंदीच्या चुका काढण्याचा मला सरकार पगार देत होते!

मी तिला विचारले, “हे हिंदीत का?” ती पोळ्या करत होती. म्हणाली, “मराठीत लिहिलं असतं तर तुम्ही लाल पेन घेऊन बसला असतात. मांजराचं पण मी सांगितलं असतं, पण तुम्ही दूध सोडून भाषाच धरली असती.”

लेखाच्या आरंभी ज्या दुसऱ्या कारणाचा उल्लेख केला ते हे. घरातली लहान घटना सांगणाऱ्याला ती ज्या शब्दांत घडली त्याच शब्दांत सांगावी लागते. त्या शब्दांना घरात किंवा शाळेत हसले गेले असेल तर तो शब्द बदलत नाही, घटनाच गाळतो. ‘दूध फाटलं’ लिहायचे नाही आणि ‘दूध नासलं’ तोंडात बसत नाही, मग दुधाचा प्रसंगच नको. त्याऐवजी ‘आई अन्नपूर्णा असते’. हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि त्याला कोणी हसणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांतले मंदिर कोणी बांधले, ते मला त्या माळ्यावर कळले.

त्या गाठोड्यात 1984 ची वही होती. त्या वर्षी आम्ही तात्या टोपे नगरलाच होतो. 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला तो दक्षिणेकडे, स्टेशनच्या बाजूला, आणि जुन्या शहरावर पसरला. आमच्या भागात माणसांचे लोंढे पोहोचले, वायूचा मारा तितका पोहोचला नाही. कारखान्यात उरलेले रसायन संपवण्याचे काम 16 डिसेंबरला सुरू व्हायचे होते. ते कळल्यावर, पुन्हा काही होईल या भीतीने, लोकांनी दुसऱ्यांदा शहर सोडले. हे सगळे नोंदलेले आहे, त्यावर पुस्तके आहेत. वहीत आहे ते एवढे :

2 – 2 ली.

3 – नागा.

4 – नागा.

5 – आया. फेंक दिया.

6 – आया. फेंक दिया. पैसे दिले.

7 – आया. फेंक दिया. पैसे दिले.

13 – लश्कर.

30 – वापस. 1 ली. भैया नहीं. उसका भाई.

दूध विषारी असेल या भीतीने ते मोरीत ओतले जात होते, आणि आणणाऱ्याचे पैसे दिले जात होते, कारण त्याने आणले होते. मग मुलांना घेऊन माहेरी. मग परत आल्यावर दाराशी दुसरा माणूस. मी तिला त्या ओळीविषयी विचारले. ती म्हणाली, “मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. हिशेब तोच चालू ठेवला.”

वायूकांडावर मी स्वतः निरनिराळ्या अंकांतून चार लेख लिहिले आहेत. ते काढून पाहिले. ‘महाभयंकर’ आहे, ‘काळरात्र’ आहे, ‘मानवतेला काळिमा’ आहे. आमच्या दारात रोज सकाळी सायकल टेकवणारा माणूस चारही लेखांत नाही. तो गेला की आजारी होता की गाव सोडून गेला, हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि आज माहीत करून घेण्याचा मार्ग नाही. पण तो येईनासा झाला ही गोष्ट आमच्या घरात एकीने टिपली होती. चार शब्दांत, आणि त्या चार शब्दांची भाषा कोणती हा प्रश्न तेथे विचारण्याजोगा नाही.

भोपाळच्या पटियांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. जुन्या शहरातल्या दुकानांपुढच्या दगडी फळ्यांवर रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या पुरुषांच्या गप्पांना या शहरात कीर्ती आहे, आणि ती रास्त आहे. घरातल्या दोन माणसांच्या गप्पांना कोणी नाव ठेवलेले नाही. त्या चालतात तुकड्यातुकड्यांत, नळ येण्याच्या वेळेला, एक जण आत आणि एक जण बाहेर असताना, अर्धे वाक्य पाण्याच्या आवाजात बुडालेले. लिहू इच्छिणाऱ्याने हे तुकडेच धरावेत. ते जोडून गुळगुळीत संवाद करू नयेत. घरात कोणी पूर्ण वाक्ये बोलत नाही; पूर्ण वाक्ये ऐकू येऊ लागली तर समजावे की भांडण सुरू झाले आहे.

यावर शिक्षक मित्र विचारतात, मग प्रमाण मराठी शिकवायची की नाही? शिकवायची. मी आजही ‘विरजण’ शिकवतो, आणि मुलांना तो शब्द आवडतो, कारण थोड्या दह्याने पातेलेभर दूध पालटते ही त्यातली गंमत ‘जमवणे’मध्ये नाही. फक्त ते काम दुसऱ्या दिवशी करतो. मुलांना मी आता निबंध देत नाही, दुधाची वही देतो : तारीख, आणि त्यापुढे घरात घडलेली एक गोष्ट, एका ओळीत, ज्या शब्दांत घडली त्या शब्दांत. महिनाभर मी त्या वहीत काही खूण करत नाही. महिना संपल्यावर समासात पेन्सिलीने दुसरा शब्द लिहितो, पहिला खोडत नाही. मुलाने दोन्ही ठेवावेत. पेन्सिलीची कल्पना पत्नीची.

कथा-ललित लिहिणाऱ्यांशी मात्र थोडे कठोर बोलायला हवे. आपल्या भागातल्या मराठीचे दोन प्रकारचे हाल लेखनात होतात. काही जण तिला धुऊन, इस्त्री करून सदाशिव पेठेत नेऊन उभी करतात; भोपाळच्या स्वयंपाकघरातली बाई मग आकाशवाणीच्या बातम्या द्याव्यात तशी बोलते. दुसरे काही जण तिचे सोंग करतात. दर वाक्यात एक ‘है ना’, एक ‘अरे यार’, आणि वाचकाने हसावे ही अपेक्षा. पण माणूस सगळ्याच वाक्यांत मिसळ करत नाही. गहू मराठीत पाखडतो आणि दही हिंदीत लावतो. कोठे बदलतो, कोणासमोर बदलतो, कशानंतर बदलतो, हे ऐकावे लागते. तो बदल जेथे होतो तेथे बहुधा काही तरी घडून गेलेले असते. गजानन माधव मुक्तिबोधांच्या घरची भाषा मराठी आणि लेखनाची हिंदी. बंधू शरच्चंद्रांनी मराठीत लिहिले. एका घरातून दोन भाषांचे दोन कवी निघाले, तरी त्या घरातल्या रोजच्या बोलण्यात कोणते शब्द कोणत्या बाजूला पडत होते, हे आज कोणी सांगू शकेल असे वाटत नाही. ते कोणाच्या वहीच्या समासात असते तर आपल्या अभ्यासाला केवढा आधार झाला असता.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. आपापल्या घरातल्या हिशेबाच्या वह्या, किराण्याच्या याद्या, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत केलेल्या नोंदी रद्दीत जाण्याआधी पाहाव्यात. गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे, पापडाचे माप, कोणाच्या तरी गुडघ्याचे औषध. बहुतेक घरांत या नोंदी बायकांच्या आहेत आणि त्यांना कोणी लेखन म्हटलेले नाही. विचारताना ‘तुम्ही लिहिता का?’ असे विचारू नये, उत्तर ‘छे’ असेच येते. ‘हिशेब कशात लिहिता?’ असे विचारावे.

हा लेख छापायला देण्याआधी पत्नीला वाचून दाखवला. रमाबाईंच्या न्हाव्यापाशी ती हसली. 1984 च्या ओळी आल्या तेव्हा उठून गॅस बारीक करून आली. शेवटी म्हणाली, दोन चुका आहेत. एक म्हणजे 22 तारखेचा चहा काळा होता पण त्यात आलं होतं, ते यात आलेलं नाही. आणि दुसरी, ते मांजर आपलं नव्हतं, शेजारच्यांचं होतं, तसं स्पष्ट लिहा. मी पेन्सिल घेतली आणि समासात दोन्ही लिहून घेतले.